निवारा, अंतर आणि इंधन : घरबांधणी धोरणावरील लोकमताचा अभ्यास

अन्न, वस्त्र आणि निवारा या मानवाच्या तीन प्राथमिक गरजा होत. यांपैकी पहिल्या दोन गरजांविषयी समाजाचे मत बहुतांशी एकमुखी असते. उपाशी माणसाला अन्न मिळावे, यावर कोणी वाद घालीत नाही. निवाऱ्याचा प्रश्न निघताच मात्र मते विभागली जातात. बेघराला घर मिळावे, हे तत्त्व सर्वांना मान्य असते. परंतु ते कोठे मिळावे, कोणत्या जमिनीवर आणि कोणाच्या शेजारी मिळावे, येथे एकमत संपते. शेवटी शहराबाहेरच्या एखाद्या स्वस्त जमिनीवर सर्वांचे समाधान होते आणि प्रश्न सुटला असे मानले जाते.

पेट्रोल, डिझेल आणि स्वयंपाकाचा गॅस यांच्या दरांबाबत लोकमताची तऱ्हा वेगळी आहे. दर वाढल्याचा परिणाम दुसऱ्याच दिवशी घराघरांत जाणवतो आणि लोकमत तत्काळ प्रकट होते. तथापि, या दोन विषयांचा विचार एकत्र क्वचितच केला जातो. गृहनिर्माणाची चर्चा घरांच्या संख्येपाशी थांबते आणि इंधनाची चर्चा वाहनधारकांच्या खर्चापाशी. वस्तुतः शहरातील अल्प उत्पन्नाच्या कुटुंबाच्या दृष्टीने या दोन्ही गोष्टी एकाच खर्चाची अंगे आहेत. घर जितके कामापासून दूर, तितका इंधनाचा भार अधिक. हा संबंध कसा निर्माण होतो आणि त्याविषयी लोकमत कसे घडते, याचा विचार प्रस्तुत लेखात इंदूर शहराच्या आधारे केला आहे. होळकरांच्या काळापासून मराठी भाषिकांचे वास्तव्य असलेल्या या शहरात गेल्या शंभर वर्षांत निवाऱ्याचे अनेक प्रयोग झाले असून, अभ्यासकाला तेथे पुष्कळ सामग्री मिळते.

बेघर कोणास म्हणावे?

जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे जी कुटुंबे कोणत्याही इमारतीत न राहता रस्त्याच्या कडेला, पदपथावर, मोठ्या सिमेंटच्या नळांत, उड्डाणपुलाखाली, जिन्याखाली, देवालयाच्या आवारात अथवा रेल्वेच्या फलाटावर उघड्यावर राहतात, ती बेघर होत. झोपडीत राहणारे कुटुंब या व्याख्येत बसत नाही. सामान्य बोलण्यात या दोन वर्गांची सरमिसळ केली जाते. त्यामुळे झोपडपट्टी सुधारणेची योजना झाली म्हणजे बेघरांची सोय झाली, असा गैरसमज पसरतो.

२०११ च्या जनगणनेत बेघरांची गणना २८ फेब्रुवारीच्या रात्री करण्यात आली. त्या रात्री देशात सुमारे १७.७३ लाख व्यक्ती बेघर आढळल्या. २००१ मध्ये हा आकडा सुमारे १९.४३ लाख होता. एकूण संख्येत घट झाली खरी; परंतु शहरी भागातील बेघर मात्र सुमारे ७.७८ लाखांवरून ९.३८ लाखांवर गेले. याचा अर्थ, खेड्यांतील बेघरांची संख्या उतरत असताना शहरांतील संख्या चढत होती. मध्य प्रदेशात त्या रात्री सुमारे १.४६ लाख बेघर मोजले गेले. एका रात्रीच्या गणनेतून सुटणारी माणसे पुष्कळ असतात, हे लक्षात घेता हे आकडे किमान समजावेत.

पत्ता नसलेल्याचे मत

लोकमत या शब्दात सर्व लोकांचे मत अभिप्रेत असले, तरी व्यवहारात ज्यांच्यापर्यंत विचारणारा पोहोचतो त्यांचेच मत लोकमत म्हणून नोंदले जाते. वॉर्डातील सभा, वृत्तपत्रांतील पत्रव्यवहार, नगरसेवकाकडे दिलेले अर्ज आणि घरोघरी केलेली पाहणी ही लोकमताची साधने होत. या प्रत्येक साधनाला पत्ता लागतो. ज्याला पत्ता नाही, तो चर्चेचा विषय होतो. चर्चेतील सहभागी होत नाही.

कायद्याने मात्र त्याला वगळलेले नाही. मतदारयादीत नाव घालण्यासाठी त्या मतदारसंघात सामान्यतः वास्तव्य असणे पुरेसे आहे. स्वतःचे घर असणे आवश्यक नाही. निवडणूक आयोगाच्या सूचनेप्रमाणे, नमुना ६ मध्ये बेघर अर्जदाराने जे ठिकाण दिले असेल तेथे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने रात्री जाऊन अर्जदार खरोखर तेथे झोपतो किंवा नाही याची खात्री करावयाची असते. ती पटल्यास वास्तव्याच्या कागदी पुराव्याची गरज राहत नाही. ही तरतूद लहान दिसली तरी तिच्यातील तत्त्व मोठे आहे. माणसाजवळ कागद नसेल, तर शासनाने त्या माणसाजवळ जावे, हे ते तत्त्व होय. गृहनिर्माणाच्या पाहणीतही त्याचा अवलंब होणे इष्ट आहे.

गेडिस यांचा धडा

लोकमत ही केवळ मोजण्याची वस्तू नसून ती घडविताही येते, याचे उत्तम उदाहरण इंदूरच्याच इतिहासात सापडते. स्कॉटलंडमधील नगररचनातज्ज्ञ पॅट्रिक गेडिस (१८५४ ते १९३२) यांना महाराजा तुकोजीराव होळकर तिसरे यांच्या दरबाराने शहराच्या पाहणीसाठी बोलाविले होते. त्यांचा दोन खंडांतील अहवाल १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या काळी शहरात प्लेगची भीती होती. दाट वस्ती पाडून रुंद रस्ते काढावेत, हा त्या काळचा रूढ उपाय होता. गेडिस यांनी तो नाकारला. मोठ्या प्रमाणावर घरे पाडल्यास तेथील माणसे शेजारच्या वस्तीत अधिक दाटीने राहतात आणि रोग हटण्याऐवजी पसरतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. पडकी घरे तेवढी काढावीत, अंगण व झाडे राखावीत, उरलेली घरे दुरुस्त करावीत, अशी त्यांची पद्धती होती.

हे विचार नागरिकांपर्यंत पोहोचविण्यासाठी त्यांनी दिवाळीच्या मिरवणुकीचा उपयोग केला. त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविल्याप्रमाणे, मिरवणूक नेहमीच्या मार्गाने न जाता ज्या भागातील घरे सर्वांत अधिक स्वच्छ व दुरुस्त केलेली असतील त्या भागातून जाईल, असे जाहीर करण्यात आले. परिणामी गल्लोगल्ली झाडलोट आणि रंगरंगोटी सुरू झाली. मिरवणुकीत प्लेगचा उंदीर व अस्वच्छतेचे राक्षस होते, तसेच सुधारलेल्या नगराची चित्रेही होती. शहराचे सफाई कामगार स्वच्छ वस्त्रे व पुष्पहार घालून सन्मानाने मिरवणुकीत चालले. ज्यांना समाज दूर ठेवीत असे, त्यांनाच उत्सवात मानाचे स्थान देण्यात आले. हुकूम न काढता लोकमत अनुकूल करण्याची ही रीत आजही मननीय आहे.

जागच्या जागी हक्क : १९८४ चा कायदा

विसाव्या शतकात इंदूर कापड गिरण्यांचे शहर म्हणून वाढले. गिरणी कामगारांच्या वस्त्या गिरण्यांच्या आसपास उभ्या राहिल्या. पाळीचा भोंगा झाल्यावर पायी चालत पोहोचता येईल इतक्या अंतरावर माणूस राहत असे. त्यामुळे प्रवासाचा खर्च हा घरखर्चाचा भाग नव्हता. गिरण्या डबघाईला आल्यावर हे चित्र पालटले. १९९१ मध्ये हुकुमचंद गिरणी बंद पडली. पुढे कामे शहरभर विखुरली आणि धार जिल्ह्यातील पीथमपूरसारख्या औद्योगिक क्षेत्राकडेही गेली.

वस्त्यांतील घरे मात्र पुष्कळदा शासकीय जमिनीवर, कोणत्याही कागदाशिवाय उभी होती. या प्रश्नावर मध्य प्रदेश शासनाने १९८४ मध्ये नगरीय क्षेत्रांतील भूमिहीन व्यक्तींना पट्टाधृती हक्क देणारा अधिनियम केला. १० एप्रिल १९८४ रोजी शासकीय अथवा नगरपालिकेच्या जमिनीवर ज्याचा ताबा होता, अशा भूमिहीनाला ५० चौरस मीटरपर्यंतच्या जागेचा पट्टा देण्याची व्यवस्था त्यात होती. ताब्याची ही तारीख पुढे वेळोवेळी वाढविण्यात आली.

या कायद्यावर लोकमत दुभंगले. अतिक्रमणाला उत्तेजन मिळेल, नियम पाळून जमीन घेणाऱ्यावर अन्याय होईल, असा एक पक्ष होता. तारीख वरचेवर पुढे जाते हे पाहता या आक्षेपात तथ्य नाही, असे म्हणता येत नाही. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, पट्टा हाती आल्यावर माणूस घरावर स्वतःची बचत खर्च करू लागतो. जे घर उद्या पाडले जाईल त्याला कोणी पक्की भिंत घालीत नाही. परंतु या वादात एक गोष्ट दुर्लक्षित राहिली. पट्ट्यामुळे कुटुंबाला जमिनीबरोबरच जागाही मिळाली, म्हणजे काम, शाळा आणि बाजार यांच्याशी असलेले अंतर कायम राहिले. कायद्याची मर्यादाही नमूद केली पाहिजे. ज्याचा जमिनीवर ताबाच नाही, अशा पदपथावर झोपणाऱ्या माणसाला त्यातून काही मिळणे शक्य नव्हते.

अरण्य वसाहतीचा प्रयोग

याच दशकात इंदूर विकास प्राधिकरणाने शहराच्या उत्तरेस, आग्रा-मुंबई मार्गालगत, सुमारे ८५ हेक्टर जमिनीवर अरण्य ही वसाहत वसविली. तिची रचना वास्तुशिल्पी बाळकृष्ण दोशी व त्यांच्या संस्थेने केली होती. सुमारे ६,५०० कुटुंबांसाठी योजिलेल्या या वसाहतीत सर्वांत मोठा हिस्सा आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी होता. पूर्ण बांधलेले घर न देता सुमारे ३५ चौरस मीटरचा भूखंड, जोते, शौचालय, नळ आणि एखादी खोली एवढे द्यावे, आणि उरलेले घर कुटुंबाने ऐपतीप्रमाणे टप्प्याटप्प्याने बांधावे, अशी ही कल्पना होती. मार्गदर्शनासाठी ८० नमुनाघरे बांधण्यात आली. उच्च उत्पन्न गटाच्या व व्यापारी भूखंडांच्या विक्रीतून येणारा नफा लहान भूखंडांचा भार हलका करण्यासाठी वापरला गेला. १९९५ मध्ये या प्रकल्पाला आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला.

अरण्याचे यश आणि अपयश ही दोन्ही अभ्यासण्याजोगी आहेत. गरीब कुटुंब स्वतःचे घर उत्तम बांधू शकते, हे तेथे सिद्ध झाले. एकाच वसाहतीत निरनिराळ्या उत्पन्नाची माणसे राहू शकतात, हेही दिसले. परंतु काही मूळ धारकांनी आपले भूखंड पुढे विकले आणि त्यांच्या जागी अधिक ऐपतीची कुटुंबे आली. लोकमताने अशा विक्रीला नेहमीच 'गरिबाने फायदा लाटला' असे नाव दिले आहे. वसाहत वसली त्या वेळी ती शहराच्या कडेला होती, ही गोष्ट तेव्हा ध्यानात घेतली जात नाही. हप्ता, बांधकाम आणि रोजचा प्रवास हे तिन्ही खर्च एकदम अंगावर आले असता रोजंदारीवरच्या माणसाला भूखंडाच्या किमतीचा मोह होणे स्वाभाविक आहे. काळाच्या ओघात शहर वाढले, अरण्य शहराच्या आत आले, आणि तग धरून राहिलेल्यांना त्याचा लाभ झाला. तेव्हा विक्रीचा प्रश्न नीतीचा जितका, तितकाच आरंभीची कठीण वर्षे निभावून नेण्याचा आहे.

इंधनाचा दर आणि घराचे दुसरे भाडे

पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये व डिझेलचे दर ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारी नियंत्रणातून मुक्त करण्यात आले. १६ जून २०१७ पासून दर रोज बदलण्याची पद्धत देशभर सुरू झाली. पंपावरील दरात तेलाची मूळ किंमत, वाहतूक, केंद्राचे उत्पादन शुल्क, विक्रेत्याचे कमिशन आणि राज्याचा व्हॅट यांचा समावेश असतो. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा पेट्रोल व डिझेल त्याबाहेर ठेवण्यात आले. केंद्राचे शुल्क लिटरमागे ठरावीक रुपयांत असते. व्हॅट प्रामुख्याने टक्केवारीत असल्याने मूळ दर चढला की करही आपोआप चढतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये मध्य प्रदेशातील अनूपपूर येथे साधे पेट्रोल लिटरला १०० रुपयांवर गेले, तेव्हा या रचनेकडे सर्वांचे लक्ष वेधले गेले. पुढे केंद्राने नोव्हेंबर २०२१ मध्ये पेट्रोलवरील शुल्क ५ व डिझेलवरील १० रुपयांनी, आणि मे २०२२ मध्ये अनुक्रमे ८ व ६ रुपयांनी कमी केले.

आता हा दर घराशी कसा निगडित आहे, ते एका साध्या हिशेबाने पाहू. एखाद्या बांधकाम कामगाराचे घर कामापासून १२ किलोमीटरवर आहे असे समजावे. जाण्यायेण्याचे २४ किलोमीटर, महिन्याचे कामाचे दिवस २५, म्हणजे एकूण ६०० किलोमीटर. मोटारसायकल लिटरला ५० किलोमीटर चालते असे धरल्यास १२ लिटर पेट्रोल लागेल. १०० रुपये दराने हा खर्च १,२०० रुपये होतो. दर १० रुपयांनी वाढल्यास त्याच्यावर महिन्याला १२० रुपयांचा अधिक बोजा पडतो. हेच घर कामापासून ३ किलोमीटरवर असते, तर खर्च ३०० रुपये झाला असता आणि दरवाढीचा बोजा ३० रुपये. उरलेले ९०० रुपये हे वस्तुतः दूरच्या घराचे दुसरे भाडे होय. त्याची पावती मिळत नाही आणि गृहनिर्माणाच्या कोणत्याही हिशेबात ते दाखविले जात नाही.

हे सत्य देशाच्या सर्वोच्च न्यायालयासमोर फार पूर्वीच आले होते. मुंबईच्या पदपथवासीयांच्या ओल्गा टेलिस खटल्यात अर्जदारांचे म्हणणे असे होते की, कामाच्या जवळ राहिल्याखेरीज त्यांना जगता येत नाही; दूर राहिल्यास प्रवासाचा वेळ व खर्च परवडणारा नाही. १० जुलै १९८५ च्या निकालात न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे मानले. पदपथावर कायम राहण्याचा हक्क मात्र न्यायालयाने दिला नाही.

दुचाकीही नसलेल्या माणसाला दरवाढ सिटी बसच्या भाड्यातून व भाजीपाल्याच्या दरातून पोहोचते. इंदूरमध्ये २००६ पासून सार्वजनिक कंपनीमार्फत सिटी बस चालू झाली आणि २०१३ मध्ये बसकरिता राखीव मार्गिका सुरू झाली. या मार्गिकेमुळे इतर वाहनांची कोंडी होते, अशी तक्रार प्रथमपासून होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने ती काढून टाकण्यास मान्यता दिली. वाहतुकीच्या दृष्टीने निर्णय योग्य की अयोग्य, याबद्दल मतभेद संभवतात. परंतु अशा चर्चेत मोटारधारकाचा आवाज जितका ऐकू येतो, तितका बसच्या रांगेत उभ्या असलेल्या मोलकरणीचा येत नाही, एवढे निश्चित.

स्वयंपाकाच्या इंधनातही पत्त्याचा प्रश्न उद्भवतो. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेत गॅसजोडणीसाठी पत्त्याचा पुरावा लागे. ऑगस्ट २०२१ मधील दुसऱ्या टप्प्यात स्थलांतरित कुटुंबांना स्वतःचे घोषणापत्र पुरेसे ठरविण्यात आले. पाच किलोचे छोटे सिलिंडरही पत्त्याच्या पुराव्याशिवाय विकत मिळू लागले. तरीही ज्याला रात्री सिलिंडर ठेवण्यास कडीकुलपाची जागा नाही, त्याची चूल काटक्यांवरच पेटते.

रैनबसेरा आणि १९१८ नंतरचे शतक

गेडिस यांच्या अहवालानंतर शंभर वर्षांनी इंदूर पुन्हा स्वच्छतेसाठी गाजले. २०१७ पासून देशव्यापी स्वच्छता सर्वेक्षणात या शहराने सातत्याने अग्रस्थान राखले. नागरिकांनी ओला व सुका कचरा वेगळा करण्याची सवय अंगी बाणविली. ही लोकमताचीच किमया होती. परंतु २९ जानेवारी २०२१ रोजी महानगरपालिकेच्या वाहनातून काही वृद्ध बेघरांना शहराबाहेर, देवास मार्गावरील शिप्रा गावाजवळ, थंडीत उतरवून देण्यात आले. गावकऱ्यांनी हरकत घेतली, प्रसंगाचे चित्रण केले, आणि त्या वृद्धांना परत नेणे भाग पडले. या प्रकाराने सर्वत्र संताप व्यक्त झाला व संबंधित अधिकाऱ्याला निलंबित करण्यात आले. स्वच्छतेविषयीचे लोकमत माणसांना वगळून उभे राहिले, तर त्याची परिणती कोठे होऊ शकते, याचा हा गंभीर इशारा होता. त्याचबरोबर, रस्त्यावर उभ्या राहिलेल्या मूठभर ग्रामस्थांचे मत किती प्रभावी ठरू शकते, हेही त्या दिवशी दिसून आले.

याबाबतचे निकष पूर्वीच ठरलेले होते. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या शहरांत बारमाही, दिवसरात्र चालणाऱ्या निवाऱ्यांविषयी निर्देश दिले. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने एक लाख लोकवस्तीमागे किमान शंभर व्यक्तींची सोय आणि प्रत्येकी सुमारे ५० चौरस फूट जागा असे प्रमाण घातले. निवारे शक्यतो कामाच्या ठिकाणांजवळ, म्हणजे स्थानक, बसतळ व बाजार यांच्या जवळ असावेत, असेही त्यात म्हटले होते. २०११ मध्ये इंदूरची लोकसंख्या सुमारे वीस लाख होती. त्या प्रमाणाने दोन हजार जागा लागतात. कोणत्याही वाचकाला आपल्या शहराचा हिशेब याच रीतीने करता येईल.

आजचे धोरण

२५ जून २०१५ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या नागरी शाखेत सर्वाधिक प्रतिसाद मिळाला तो स्वतःच्या जागेवर घर बांधण्याच्या अनुदानाला. ज्याच्याजवळ जमीन आहे त्याला ते उपयोगी पडले. जमीन नसलेला मागे राहिला. इंदूरमध्ये १ जानेवारी २०२१ रोजी नव्या तंत्राने बांधावयाच्या १,०२४ घरांच्या प्रकल्पाची कोनशिला बसविण्यात आली. २०२० च्या टाळेबंदीत मजुरांचे हाल झाल्यानंतर त्याच वर्षी परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना जाहीर झाली, आणि १ सप्टेंबर २०२४ पासूनच्या आवास योजनेच्या दुसऱ्या पर्वात भाड्याच्या घरांना स्वतंत्र स्थान देण्यात आले. हा बदल महत्त्वाचा आहे. मालकीचे घर हे अनेकांचे अंतिम ध्येय असले, तरी पदपथावरून एकदम मालकीच्या घरात पाऊल टाकता येत नाही. रैनबसेरा, भाड्याची खोली, पट्टा आणि स्वतःचे घर अशी ही शिडी आहे. मधली पायरी नसेल, तर खालचा माणूस खालीच राहतो.

सारांश

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. घराची किंमत विटा, सिमेंट आणि जमीन यांवरच ठरत नाही. कामापासूनचे अंतर व इंधनाचा दर हेही तिचे घटक आहेत. शहराबाहेर दिलेले स्वस्त घर इंधन महागताच महाग होते आणि रिकामे पडते किंवा विकले जाते. म्हणून इंधनदराविरुद्ध जागृत असणाऱ्या लोकमताने घरे कोठे बांधली जातात याविषयीही तितकेच जागृत असले पाहिजे. आणि हे लोकमत परिपूर्ण व्हावयाचे, तर ज्याला पत्ता नाही त्याला विचारण्यासाठी कोणीतरी रात्री त्याच्यापर्यंत गेले पाहिजे.

अभ्यासमंडळात चर्चेसाठी

१. आपल्या शहरातील नव्या स्वस्त घरांचे मुख्य बाजारापासूनचे अंतर किती? तेथून शेवटची बस केव्हा सुटते?

२. आपल्या वॉर्डात रात्री उघड्यावर झोपणाऱ्या व्यक्ती किती आहेत, आणि त्यांपैकी कितींची नावे मतदारयादीत आहेत?

३. एका कुटुंबाचे घरभाडे, प्रवासखर्च आणि स्वयंपाकाच्या इंधनाचा खर्च यांची बेरीज त्याच्या मासिक उत्पन्नाच्या किती हिश्श्याची होते?

४. आपल्या शेजारी रैनबसेरा व्हावयाचा ठरल्यास कोणते आक्षेप निघतील, आणि त्यांपैकी कोणते व्यवस्थेने दूर करता येतील?